उरलंसुरलं

आमच्या घरात अन्न वाया जात नाही. ते माझ्यात जातं.

रात्री साडेनऊला ओट्यापाशी उभं राहिलं की हिशेब सुरू होतो. आमटी अर्धी वाटी. भाजी, फ्रिजमध्ये ठेवायला लाज वाटावी इतकी थोडी आणि टाकायला मन होऊ नये इतकी पुष्कळ. पोळ्या दीड, त्यातली अर्धी कुणाच्या ताटातली, हे विचारायचं नाही. भाताच्या पातेल्याच्या तळाशी दोन घास. कोशिंबिरीला पाणी सुटलेलं, पण त्या पाण्यात दही आहे, साखर आहे, दाण्याचं कूट आहे, ओतून कसं द्यायचं? हे सगळं वाट्यांत काढून ठेवायचं म्हटलं तर झाकणं सापडत नाहीत आणि सापडलेलं झाकण त्या वाटीचं नसतं. त्यापेक्षा उभ्याउभ्या खाऊन टाकलं की भांडी घासायला मोकळी. हे जेवण नव्हे. जेवण केव्हाच झालेलं असतं. हे आवरणं. आणि आवरण्यात कॅलरी असतात हे गृहशास्त्राच्या तासाला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

या कामाला मानपान नाही असं नाही. लोणी कढवलं की भांड्याच्या बुडाशी राहिलेली बेरी साखर घालून खायची, ती कढवणारीनेच. साबुदाण्याच्या खिचडीची कढईला धरलेली खरपूस खरवड. बेसनाचे लाडू वळून झाल्यावर परातीला लागलेलं. सायीच्या पातेल्याचे काठ. मुलं लहान असताना शाळेच्या डब्यातून परत आलेली तूपगुळाची पोळी, दिवसभर दप्तरात तापून मऊ पडलेली. माझ्या वजनाचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात समारंभ आणि मेजवान्या फार निघणार नाहीत. कडा, काठ आणि बुडं निघतील.

हे माझ्या एकटीचं कर्तृत्वही नव्हे, वारसा आहे. माझी आई सोलापूरकडची. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाळण्यात होते. रेशनवर मिळणारी परदेशातली लाल मिलो, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका, हे सगळं आईने इतक्या वेळा सांगितलं की ते मलाच आठवतं असं आता वाटतं. त्या बाईने पुढे जन्मभर ताटात शीत ठेवलं नाही आणि आम्हालाही ठेवू दिलं नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, उरलेल्या वरणात पीठ कालवून थालिपीठ, आणि थालिपीठ उरलं तर? ते कधी उरलंच नाही.

पण आईला हे सगळं खपलं. तिच्या घरात अकरा माणसं होती, उरायचंच किती? जे उरे ते ती खाई, आणि खाल्लेलं संध्याकाळच्या आत आडाच्या रहाटावर जिरून जाई. माझ्याकडे वारसा आला तो फक्त पहिल्या अर्ध्या भागाचा. आड कधीच बुजवला, त्यावर आता कुणाची तरी पार्किंग आहे.

आणि दुसरं म्हणजे, आमचं घर आटलं. एके काळी आम्ही सहाजण होतो. सासरे गेले. लेक नोकरीसाठी बेंगळुरूला. मुलगा शिकायला बाहेर. सासूबाई वर्षातले सहा महिने नणंदेकडे. उरलो दोघं. घर आटलं, पण पातेली आटली नाहीत. कणीक भिजवताना परातीत किती पीठ घ्यायचं हे मी कधी मोजलेलं नाही, ते हाताला ठाऊक असतं; आणि हाताला सहाजणांची सवय. हाताला कोण समजावणार की लेक आता तिकडे डोसा खाते आहे? तांदूळ दोघांचे म्हणून घेतले तरी ते सव्वातीन माणसांचे होतात. बाहेरगावी गेलेल्यांच्या वाटचं कुणीतरी खायला हवं, तर ते मी खात होते. मुलांच्या आठवणीने आया रोडावतात असं जुन्या सिनेमांत दाखवायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या एकूण एक आया मुलं गेल्यावर अंगाने भरल्या आहेत, आणि माझ्या मते कारण हेच आहे.

अर्थात तेव्हा मला कारण वेगळं हवं होतं. पन्नाशीच्या बाईला एक मोठी आशा असते: थायरॉइड. आमच्या भिशीतल्या ज्यांचा थायरॉइड निघाला त्यांच्याकडे बाकीच्या जराशा हेव्यानेच बघतात. गोळी घ्यायची, वर कुणी बोलायचं नाही. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरीणबाई "अभिनंदन" म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला.

मग मी चयापचयाकडे वळले. चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, वारा खाल्ला तरी अंगी लागतो, हे आपल्याकडे गुरुत्वाकर्षणाच्या नियमाइतकं पक्कं आहे. तर २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. त्यात निघालं असं की शरीराच्या आकारमानाचा भाग बाजूला काढला तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत माणसाचा ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. उतरण लागते ती साठीनंतर, तीही हळूहळू. म्हणजे मंदावायला मला अजून काही वर्षं होती आणि मी आगाऊच वाढून बसले होते. भल्या माणसांनी एवढे देश फिरून एका मध्यमवयीन बाईची एकुलती एक सबब काढून घेतली. पाळी जाण्याच्या सुमाराला चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, एवढी एक सवलत डॉक्टरीणबाईंनी दिली. पण सरकते म्हणाल्या. येते कुठून, ते त्यांनी माझ्यावर सोपवलं.

मग टेप आली. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९० च्या. माझा आकडा इथे लिहिण्याचं कारण नाही. आमच्या शिंप्याला तो फार आधीपासून माहीत होता. तो बिचारा काही न बोलता दर दिवाळीला ब्लाउजची एकेक शिवण उसवून देत होता, आणि त्या वर्षी म्हणाला, "ताई, आतली माया संपली."

नवरा या सगळ्याकडे दुरून, तटस्थपणे बघत होता. लग्नातला सूट त्याला अजून होतो, ही गोष्ट तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा सांगू शकतो. हातपाय काडी; मधे, शर्ट खोचल्यावर, एक लहानशी टेकडी. ती टेकडी म्हणजे बसण्याची ढब असं त्याचं म्हणणं. त्याच्यासाठी मी पुण्यातलाच पुरावा काढून ठेवला होता. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून गुबगुबीत. आपल्या लोकांची ठेवणच अशी, म्हणून तर बीएमआय २५ पर्यंत चालेल ही मुभा गोऱ्यांना, आपल्याला २३ लाच हटकतात. नवऱ्याने फोटो नीट पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "हे याज्ञिक काय छान दिसतात गं."

मराठीत वजन उतरवण्याविषयी बोलणाऱ्याला पुलंच्या चाळीवरून जावंच लागतं. 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास'मध्ये पंतांना सल्ला द्यायला अख्खी चाळ लोटते. आमच्या काळात चाळ फोनमध्येच राहायला आली आहे. मेथीदाणे रात्री भिजवा, जिऱ्याचं पाणी प्या, कोमट पाण्यात लिंबूमध घ्या, दुधीचा रस काढा. (दुधीचा रस कडू लागला तर अजिबात पिऊ नये, तो खरोखर विषारी असू शकतो, बाकीचे सल्ले फक्त बेचव आहेत.) आणि २०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात जी फाळणी झाली ती तर आमच्या जिन्यावरून गेली. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित: श्रीकांत जिचकारांच्या विचारावर बेतलेलं त्यांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, खरी भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि अधेमधे काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडं थोडं, दर दोनेक तासांनी, तुपाला घाबरू नका, भाताला घाबरू नका, आजी खायची ते खा. दोघांचंही पाळणाऱ्यांना गुण आलेला मी पाहिला आहे. पण आमच्या मजल्यावर तिसराच पंथ निघाला. त्यांनी दीक्षितांकडून पोटभर घेतलं, दिवेकरांकडून तूप आणि दर दोन तास घेतले, आणि उरलेला उपदेश दोघांना परत केला.

उपासाचा मार्ग माझ्यासाठी आधीच बंद होता. संकष्टीला मी खिचडी करते, आणि खिचडी थोडी करता येत नाही, हा माझा अनुभव नसून स्वभाव आहे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. तूप, जिरं, मीठ वगळलं तर गणपतीच्या नावाने आपण पंधराव्या शतकापर्यंत इथे कुणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी खातो, आणि चंद्रोदयाची वाट बघत पुन्हा खातो. शेंगदाण्यात तर जवळजवळ निम्मं तेलच. आता महाराष्ट्रातल्या ज्या भाजीत, उसळीत, कोशिंबिरीत आणि चटणीत कूट नाही अशी एक दाखवा.

शेवटी लेकीने फोनवरून एका आहारतज्ज्ञ मुलीची वेळ घेतली. मुलगी असेल तिच्याच वयाची. तिने भात सोडा, पोळी सोडा असलं काही म्हटलं नाही. म्हणाली, "काकू, आठवडाभर जे जे खाल ते लिहून ठेवा. उभ्याने खाल्लेलंही." हे दुसरं वाक्य तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, बहुधा तिच्या आईने. बसून खाल्लेल्याची यादी एका पानात मावली. उभ्याने खाल्लेल्याला पुरवणी लागली.

पुरवणी वाचून तिने जे सांगितलं ते आहाराविषयी कमी आणि भांड्यांविषयी जास्त होतं. मी दुसऱ्याच दिवशी तुळशीबागेत गेले. दोन माणसांचा कुकर, अर्ध्या शेराची पातेली, एक बेताची कढई, छोटी परात. दुकानदार म्हणाला, "काकू, मुलीचा नवीन संसार का?" मी म्हटलं, "माझाच." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा कढईकडे पाहिलं आणि पाच टक्के कमी केले. सहाजणांची पातेली माळ्यावर गेली. हात पहिले काही दिवस परातीच्या बाहेर पीठ सांडत राहिला, मग वठणीवर आला. हाताला समजावता येत नाही. परात लहान असली की त्याला आपोआप समजतं.

मग भाकरी परत आली. सासरी पोळीचं राज्य, त्यामुळे ज्वारीची भाकरी माझ्याकडे पिठलं केल्याच्या दिवशीच व्हायची. तिच्यातलं मोठं गुपित मला पन्नाशीत कळलं आणि ते ज्वारीच्या गुणांचं नाहीच. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसतं, त्यामुळे ते कणकेसारखं तिंबून झाकून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, गरम पाण्याने मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, फुगली की ताटात. खाणारा पुरे म्हणाला की पुढचं पीठ डब्यातच राहतं. पोळ्यांचं तसं नाही. कणीक भिजली की ती सगळी लाटावी लागते, लाटली की भाजावी लागते, आणि भाजली की ती कुणाची तरी होते. आईच्या हातची भाकरी चंद्रासारखी गोल व्हायची. माझी महाराष्ट्राच्या नकाशाकडे झुकते, पण उरत नाही.

ताटाची डावी बाजूही जरा वर काढली. आपल्याकडे डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर वाढतात, चमचाचमचाभर, शोभेपुरतं. खरी वर्दळ उजवीकडे आणि मधे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ताटाचं जे चित्र काढलं आहे त्यात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं आहे. आमच्याकडे आता कोशिंबीर वाटीने असते, कूट चिमटीने. रोज मूग, मटकी, चवळी यांतलं काहीतरी मोडाचं असतं. तेलाची बुधली सरळ कढईत वाकवायची सवय होती, तिथे आता चमचा मधे आला. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी आणि तितक्याच पिठात किंवा डाळीत सुमारे चार, एवढं गणित त्या चमच्याला पुरतं. चहातली साखर मोजून पाहिली तेव्हा मात्र मी जराशी खाली बसले. चार कप, दोन-दोन चमचे, म्हणजे तीसचाळीस ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. आता दोन कप, अर्धा-अर्धा चमचा. हे सगळं सांगायला सोपं वाटतं आणि करायलाही फारसं कठीण गेलं नाही. कठीण गेली ती रात्रीची साडेनऊची वेळ. ओटा स्वच्छ, पातेलं रिकामं, आणि आपण तिथे कशाला उभ्या आहोत ते कळेना.

वर्षभरात सातआठ किलो उतरले. शिंप्याने माया पुन्हा आत घेतली. नातलगांनी मात्र ही बातमी वेगळ्या कानांनी ऐकली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पहिलीच काकू म्हणाली, "काय गं, किती उतरलीस! सगळं ठीक आहे ना?" दुसरीने मला कोपऱ्यात घेऊन आवाज खाली केला, "शुगर निघाली का?" तिसरीला थेट नवऱ्याविषयी संशय आला. मी म्हटलं, "मुद्दाम कमी केलंय." त्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, मुद्दाम म्हणजे नक्कीच काहीतरी लपवते आहे. मामींनी कैरीची डाळ वाढली ती वाटीच्या काठावर शीग लावून, आणि वर करंजी. "एवढ्याने काही होत नाही गं." आपल्या आग्रहाची पद्धत मी आता नीट अभ्यासली आहे. पहिल्या "नको"ला कुणी मोजत नाही, तो शिष्टाचार असतो. दुसऱ्या "नको"ला दुप्पट पडतं. त्यामुळे मी "नको" म्हणणं सोडलं. "वा, घरी घेऊन जाते" म्हणते. डबा बरोबर ठेवते. वाढणारीचं समाधान होतं, आणि करंजी घरी येऊन पडते.

दिवाळीला मुलं आली तेव्हा माळ्यावरची पातेली खाली उतरली. लेकीने चार दिवसांत चकल्या सोडून कशालाच हात लावला नाही. कार्ब मोजते म्हणे. मुलगा जिमला जातो, त्याला फक्त पनीर आणि अंडी. दोघं गेल्यावर घरात सहाजणांचं अन्न आणि डब्यांतून निम्मा फराळ उरला. मी एक चिवट निश्चय करून बाजूला झाले. कामाच्या मावशींना ताजं, भरून, आधीच दिलं होतं. आदल्या दिवशीचं उष्टंखरकटं कुणाच्या हाती ठेवणं मला जमत नाही. बाकीचं ओल्या कचऱ्याच्या बादलीत जाणार होतं. आईचा फोटो स्वयंपाकघरातून दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

बादलीचं झाकण उघडलं आणि मागून आवाज आला, "अगं, एवढंसं कशाला टाकतेस?"

नवरा. त्याच्या हातात चमचा होता. तेव्हापासून रात्री साडेनऊला तो ओट्यापाशी उभा असतो. दोन घास भात, आमटीचा तळ, माझी अर्धी भाकरी, मामींच्या डब्यातली करंजी. मन लावून, एकेक पातेलं पुसून, बँकेत तीस वर्षं दिवसाचा ताळेबंद जुळवलेल्या माणसाच्या समाधानाने. मी त्याला अडवत नाही. अडवणारी मी कोण? लग्नातला सूट परवा एका मुंजीसाठी कपाटातून काढला आणि न बोलता परत अडकवला. पट्ट्याला त्याने स्वतःच एक नवीन भोक पाडून घेतलं आहे, बाहेरच्या बाजूला.

काल झोपताना दिवा मालवल्यावर त्याने हळूच विचारलं, "थायरॉइड पुरुषांनाही होतो का गं?"